उसनी खाट

जिल्हा रुग्णालय खासगी भागीदारीत चालवायला द्यावे का, हा प्रश्न निघाला की चर्चा दोन वाक्यांत कोविडपाशी येऊन पोचते. एक जण म्हणतो, शेवटी जीव वाचवले ते खासगी आयसीयूंनीच. दुसरा म्हणतो, सगळ्यांनी दारे लावून घेतली तेव्हा उघडी होती ती केईएम, नायर, सायन आणि ससूनचीच. मग पुरावे निघतात. इकडून लाखोंची बिले, तिकडून वॉर्डात मृतदेहाशेजारी झोपलेल्या रुग्णांची चित्रफीत. तासाभराने दोघेही जिथे होते तिथेच असतात. इतकी माणसे गमावूनही आपण हा वाद इतक्या उथळपणे घालतो, याचे मला मनापासून दुःख होते. दोन्ही बाजू खाटा मोजतात आणि त्या कोणाच्या मालकीच्या यावर भांडतात. खाट रुग्णापर्यंत पोचते कशी, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

माझे म्हणणे आधीच सांगतो. महामारीत खासगी क्षमता वापरावीच लागते, त्याला पर्याय नाही. पण ती वापरायची तर सरकारकडे स्वतःची भक्कम क्षमता आधीपासून हवी. खाट उसनी आणता येते. ती रिकामी आहे का, तिच्यावर कोणाला न्यायचे, दर काय लावायचा, ऑक्सिजन कुठून येणार आणि रात्री तीन वाजता तिच्याशेजारी कोण उभे राहणार, हे ठरवणारी यंत्रणा कोणी उसनी देत नाही. म्हणूनच ‘खासगी रुग्णालये आहेतच, मग सरकारीवर खर्च कशाला’ हा जो निष्कर्ष काही मंडळी कोविडमधून काढतात, तो त्या अनुभवाच्या बरोबर उलटा आहे.

समोरच्या बाजूचा सर्वात बळकट मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो खरा आहे. अभ्यासकांनी एप्रिल २०२० मध्ये मांडलेल्या एका अंदाजानुसार देशात सुमारे १९ लाख खाटा, ९५ हजार आयसीयू खाटा आणि ४८ हजार व्हेंटिलेटर होते. खाटांपैकी जवळपास १२ लाख खासगी क्षेत्रात होत्या. छातीविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातल्या अनुभवी परिचारिका यांचा मोठा हिस्साही तिकडेच. हे सगळे बाजूला ठेवून केवळ सरकारी रुग्णालयांच्या बळावर कोविडशी लढता आले असते, असे म्हणणे स्वप्नरंजन ठरेल. खासगी रुग्णालयांत पीपीई किट घालून बारा-बारा तास उभे राहिलेल्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे ऋण नाकारणे तर कृतघ्नपणाच. पण ही क्षमता इथे होती, एवढे मान्य करून प्रश्न संपत नाही. तो तिथून सुरू होतो. होती, तर मग एप्रिल २०२१ मध्ये माणसे रुग्णवाहिकेतून या दारातून त्या दारात का फिरत होती?

२१ मे २०२० चा महाराष्ट्र सरकारचा आदेश आठवा. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी नियंत्रणाखाली आल्या. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना आयसीयूसाठी ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० असे दर ठरले. कायद्यांचा आधार भक्कम होता: १८९७ चा साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, अत्यावश्यक सेवांचा कायदा, नर्सिंग होम कायदा. कागदावर एका रात्रीत हजारो खाटा सार्वजनिक झाल्या. पण ८० टक्के म्हणजे नेमक्या कितीच्या ८० टक्के? नोंदणीतल्या खाटांच्या, की चालू असलेल्या? त्यांतल्या किती खाटांना ऑक्सिजनची लाइन होती? एखाद्या रुग्णालयाने ‘फुल्ल’ सांगितले तर ते खरे की खोटे, हे पाहायला जाणार कोण? त्या दिवसांत ज्यांनी नातेवाइकासाठी फोन केले त्यांना आठवत असेल, संकेतस्थळावर खाट रिकामी दिसायची आणि फोनवर ‘नाही’ ऐकू यायचे. तो नेहमी लबाडीचाच प्रकार नव्हता. कित्येकदा खाट होती, पण तिच्यासाठी नर्स नव्हती.

तोच आदेश, तेच दर, तेच कायदे. तरीही वेगवेगळ्या शहरांत निकाल वेगळा लागला. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. मुंबईत महापालिकेने २४ प्रभागांत २४ वॉर रूम उघडल्या. चाचणीचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती न जाता वॉर रूममध्ये यायचा, तिथले डॉक्टर फोन करायचे आणि खाट तिथूनच मिळायची. खासगी खाटांचे वाटपही याच वाटेने जावे, असा प्रयत्न झाला. हे मुंबईला जमले, कारण महापालिकेची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालये होती, उपनगरी रुग्णालये होती, प्रत्येक प्रभागात आरोग्य अधिकारी होता. १७ एप्रिल २०२१ च्या रात्री ऑक्सिजन कमी पडू लागला तेव्हा सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण जम्बो केंद्रांत, म्हणजे मैदानांवर तात्पुरत्या उभारलेल्या मोठ्या कोविड केंद्रांत, हलवण्यात आले. एका रात्रीत एवढे हलवायला नुसत्या खाटा पुरत नाहीत. हुकूम देणारा, तो ऐकणारा आणि रुग्णाला आत घेणारा, तिघेही एकाच यंत्रणेचे असावे लागतात.

पुण्याचे चित्र वेगळे होते. खासगी रुग्णालयांची तिथे वाण नाही, राज्यभरातून माणसे उपचारांसाठी पुण्याला येतात. पण तेव्हा महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय नव्हते आणि ससून राज्य सरकारचे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले. मांडव झाला, खाटा आल्या, ऑक्सिजनची टाकी आली, चालवण्याचे काम एका खासगी संस्थेकडे गेले. काही दिवसांतच तक्रारींचा पूर आला, ती संस्था हटवावी लागली आणि प्रशासनाला कारभार स्वतः हाती घ्यावा लागला. मनुष्यबळ आणि देखरेख या दोन गोष्टी मांडवाबरोबर भाड्याने मिळत नाहीत, हे तिथे फार मोठी किंमत मोजून कळले. लंडनमध्येही तेच घडले होते. एक्सेल प्रदर्शन केंद्रात ४,००० खाटांपर्यंत वाढवता येईल असे नाइटिंगेल रुग्णालय काही दिवसांत उभे राहिले आणि पहिल्या लाटेत तिथे ५४ रुग्णांवर उपचार झाले. अतिदक्षता विभागाच्या परिचारिका आणायच्या कुठून, हा प्रश्न इंग्लंडसारख्या देशालाही सुटला नव्हता.

थोडे मागे जातो, कारण हे सगळे आपल्या मातीत आधी घडून गेले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारकडे अधिकार अफाट होते, रुग्णसेवेची ताकद तुटपुंजी आणि लोकांचा विश्वास तर मुळीच नव्हता. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, हीच लोकांची समजूत होती. पुढे जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालये काढायची मुभा मिळाली, तेव्हा लोक उपचारांसाठी पुढे येऊ लागले. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले. हडपसरजवळ यशवंत फुल्यांनी उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत राहिल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. सरकारी नसलेली सेवा किती मोलाची असते, हे याहून ठळकपणे कशाने सांगावे? पण ज्याच्या जातीचे रुग्णालय नव्हते त्याने कुठे जायचे होते? सावित्रीबाईंचे थोरपण अशा माणसाला आपला मानण्यात होते. पण एका बाईच्या जिवावर शहराची व्यवस्था उभी राहत नाही.

साथरोग कायदाही त्याच १८९७ सालचा. अवघी चार कलमे, पण त्यांनी सरकारला जवळपास वाटेल ते करायची मुभा दिली. पुण्यात त्या मुभेचे रूप म्हणजे घराघरांत घुसणारे गोरे सोजीर, आणि पुढे २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी. १२३ वर्षांनी खासगी खाटा ताब्यात घेतानाही सरकारने आधार घेतला तो याच कायद्याचा. कायदा अधिकार देतो, हात देत नाही. ज्या सरकारकडे अधिकार असतो पण हात नसतात, ते दंडुका उगारते. प्लेगमध्ये तो नागरिकांवर उगारला गेला. कोविडमध्ये नोटिसा आणि गुन्ह्यांच्या धमक्या खासगी रुग्णालयांच्या वाट्याला आल्या. नोटिशीने एखादे रुग्णालय घाबरते, पण त्या भीतीतून एकही नर्स जन्माला येत नाही.

आता खासगी डॉक्टरांची तक्रार. ती मी ऐकली आहे आणि बरीचशी पटलीही आहे. वीस खाटांचे तालुक्याचे नर्सिंग होम आणि शेअर बाजारात नोंदलेल्या साखळीचे रुग्णालय यांना सरकार एकाच शब्दाने हाक मारते: ‘खासगी’. वीस खाटांच्या रुग्णालयात दोघे डॉक्टर, बहुधा नवराबायको, कर्ज डोक्यावर. पहिल्या टाळेबंदीत नेहमीचे रुग्ण थांबले, पीपीई किटचे भाव चढले, बाहेरच्या राज्यांतल्या परिचारिका गावी निघून गेल्या. अशा वेळी सर्वांना सरसकट एकच दर लावणे अन्यायाचेच होते. शहरांचे वर्ग पाडून लहान गावांसाठी वेगळे दर ठरले ते थेट जून २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट ओसरू लागल्यावर. आणि मे २०२० च्या मूळ दरात पीपीई व महागडी औषधे धरलेली नव्हती. ज्यांना फुगवायचे होते त्यांनी बिल तिथूनच फुगवले, आणि सरळ मार्गाने चालणारा डॉक्टर मात्र दोन्हीकडून मारला गेला. ही चूक सरकारचीच. पण ती घडली कशामुळे? कोणत्या रुग्णालयात एका खाटेमागे खरा खर्च किती येतो, याची माहिती सरकारकडे नव्हती. रुग्णालयांवरच्या नियमनाचा केंद्रीय कायदा २०१० मध्ये झाला, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपल्याकडे चालतो तो १९४९ चा नर्सिंग होम कायदा, आणि त्याच्या नियमांत दरपत्रक लावण्याची व रुग्णहक्कांची तरतूद आली जानेवारी २०२१ मध्ये, महामारीच्या मध्यावर. मग बिले तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले, म्हणजे आधी रुग्णाला पिळू द्यायचे आणि नंतर पैसे परत मागायचे. तहान लागल्यावर विहीर खणणे ही म्हण आपल्याकडे आहे. इथे तर विहीर खणायची कुठे, हेही ठरलेले नव्हते.

नियमन म्हटले की खासगी डॉक्टर दचकतात, ‘आता आणखी एक इन्स्पेक्टर’ असे त्यांना वाटते. ती भीती निराधार नाही. पण शांततेच्या काळात बसून ठरवलेला, स्तरानुसार बदलणारा, खर्चाचा हिशेब धरणारा दर हवा, की संकटाच्या मध्यरात्री काढलेला सरसकट आदेश? प्रामाणिक डॉक्टरने यांतला पहिला मागायला हवा. तो मागण्यासाठी समोर हिशेब कळणारी, बोलण्याजोगी सरकारी यंत्रणा लागते. दुबळ्या सरकारचा पहिला फटका सचोटीच्या खासगी डॉक्टरलाच बसतो.

सरकारी यंत्रणा मजबूत असली की खासगी डॉक्टर किती मोठे काम करू शकतात, याचे सर्वात सुंदर उदाहरण धारावीचे आहे, आणि या वादात ते क्वचितच निघते. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे. १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्या देशाने श्वास रोखला होता. तिथे महापालिकेबरोबर गल्लोगल्ली फिरले ते धारावीतच दवाखाने चालवणारे खासगी डॉक्टर. एरवी खोकला-तापाला ज्याच्याकडे जायचे तोच डॉक्टर पीपीई घालून दारात आला, म्हणून लोकांनी दार उघडले. आर्थर रोडवर चालून गेलेल्या त्या जमावाच्या तुलनेत हा केवढा फरक! पण त्या डॉक्टरांना किट दिले महापालिकेने, संशयितांना ठेवण्यासाठी शाळा आणि सभागृहे मिळवली महापालिकेने, चाचण्या आणि जेवण तिचेच. खासगी क्षमता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. महामारी अडवताना गल्लीतला हा डॉक्टर त्या इमारतीइतकाच मोलाचा असतो, आणि कोणत्याही ८० टक्क्यांच्या आदेशात त्याचा उल्लेख नसतो.

‘पण सरकारी रुग्णालयांची दशा पाहिलीत का?’ हा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातला कोविड आयसीयू जळाला. नाशिकला महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ जण तडफडून गेले. या घटना आठवल्या की आजही हात थरथरतात. पण नाशिकनंतर दोनच दिवसांनी विरारला आयसीयू पेटला तो खासगी रुग्णालयात, आणि त्याआधी महिनाभर भांडुपला मॉलमधल्या कोविड रुग्णालयाची आग. नाशिकच्या टाकीची देखभाल तर खासगी कंत्राटदाराकडेच होती. मालकी पाहून आग लागत नाही. जिथे अग्निसुरक्षेची तपासणी कागदावर उरते आणि रात्री वायरिंगकडे पाहायला माणूस नसतो, तिथे ती लागते. सरकारी रुग्णालय वाईट चालते, म्हणून ते कमी करावे, हा तर्क मला कधीच कळलेला नाही. गावची शाळा गळते म्हणून छप्पर दुरुस्त करायचे, की शाळाच विकायची?

आणखी एक आक्षेप अर्थशास्त्राचा वेष घेऊन येतो: महामारी शंभर वर्षांतून एकदा येते, तिच्यासाठी खाटा रिकाम्या ठेवणे ही उधळपट्टी. आधी ते शंभर वर्षांचे पाहू. १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, १९५७ आणि १९६८ च्या फ्लूच्या साथी, २००९ चा स्वाइन फ्लू. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात घेतला. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना २०२० नवे वाटले नसणार. तेव्हाही सुरुवातीला उपचार फक्त ठरावीक सरकारी रुग्णालयांतच होते, आणि धांदल उडाल्यावर खासगींना घाईघाईने सामील करून घेण्यात आले. म्हणजे तालीम अकरा वर्षे आधी झाली होती. आणि २०२० च्या मार्चमध्ये राज्यातले पहिले रुग्ण ठेवले कुठे? त्याच नायडूमध्ये, आणि मुंबईत कस्तुरबामध्ये, म्हणजे प्लेगच्या त्या आर्थर रोड रुग्णालयातच. वर्षानुवर्षे ‘तिथे असते काय’ असे ज्यांच्याबद्दल म्हटले गेले, त्याच संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयांनी पहिला वार झेलला. नफ्यावर चालणारे कोणते रुग्णालय असा विभाग शंभर वर्षे राखून ठेवेल? त्याने ठेवावा अशी अपेक्षाही रास्त नाही. नव्वद टक्के खाटा भरलेल्या असणे हे त्याचे यश असते. महामारीसाठी लागणारी सवड सार्वजनिक पैशानेच राखावी लागते, आणि ती वाया जात नाही, कारण क्षयरोग, डेंग्यू, अपघात आणि बाळंतपणे काही थांबत नाहीत.

नंदुरबार मला इथे राहून राहून आठवते. आदिवासी जिल्हा, खासगी रुग्णालये मोजकी. पहिली लाट ओसरत असताना जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसवायला घेतले, तेही बहुतेक राज्य ‘संपले एकदाचे’ म्हणत असताना. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरे टँकरची वाट पाहत होती, तेव्हा या जिल्ह्याकडे स्वतःचा प्राणवायू होता. उधळपट्टीचा हिशेब मांडणाऱ्यांनी त्या एप्रिलमध्ये उघड्या बाजारात एका सिलिंडरला काय मोजावे लागत होते, तेही त्यात धरावे.

विमा हेच उत्तर, असे मानणारेही आहेत. २३ मे २०२० रोजी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सर्वांना खुली झाली, आणि हा निर्णय चांगलाच होता. पण कार्डाने बिल भागते. नसलेली खाट त्याने उभी राहत नाही. गडचिरोलीच्या माणसाला कार्ड मिळाले, व्हेंटिलेटर नागपुरात राहिला.

या सगळ्यातून काय करायचे, हे काही फार गूढ नाही. प्रत्येक जिल्ह्यात खासगी रुग्णालयांशी आधीच करार हवेत: किती खाटा, किती दिवसांच्या सूचनेवर, कोणत्या दराने, किट आणि ऑक्सिजन कोणी पुरवायचा, पैसे किती दिवसांत द्यायचे. खाटांची आणि कर्मचाऱ्यांची जिवंत नोंद एरवीही चालू हवी, म्हणजे संकटात ती नव्याने शिकावी लागणार नाही. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेने राखीव आहेतच. निदान तेवढ्या खाटांचे वाटप रोजच्या रोज नीट करून दाखवावे, ८० टक्क्यांची गोष्ट त्यानंतर. आणि सर्वांत आधी, रिक्त पदे भरावीत. १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये असे सांगितले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे वचन दिले. ते साल उलटले तरी वचन अपुरेच आहे. उलट जानेवारी २०२० मध्ये, महामारी दारात असताना, नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याचा मसुदा काढला होता, ज्यात निम्म्या खाटा बाजारभावाने चालवायच्या होत्या. दोनच महिन्यांनी हीच जिल्हा रुग्णालये राज्याराज्यांची पहिली फळी ठरली.

अंधेरीच्या मरोळ भागात महापालिकेच्या जमिनीवर सेव्हनहिल्स रुग्णालय उभे आहे. खासगी भागीदारीतून दीड हजार खाटा होणार होत्या, त्यांतल्या २० टक्के महापालिकेसाठी. वर्षे गेली, भागीदारी फसली, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेले, आणि प्रचंड इमारतीचा मोठा भाग तसाच पडून राहिला. २०२० मध्ये महापालिका आपले डॉक्टर आणि परिचारिका घेऊन आत शिरली, तेव्हा त्या मजल्यांवर दिवे लागले आणि ते शहरातल्या सर्वांत मोठ्या कोविड रुग्णालयांपैकी एक झाले. इमारत तीच होती, करारही जुनाच. पुढच्या वेळी जिल्हा रुग्णालयाच्या भागीदारीचा प्रस्ताव चर्चेला येईल, तेव्हा खाटांच्या संख्येआधी एवढेच विचारा: त्या दिवशी आत शिरायला आपली माणसे किती असतील, आणि त्यांचे पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली धरले आहेत?